तो आस, ती आस

मित्रांनो, मी एक जुनं जाळं आहे, पण मासे पकडायचं सोडून मला बरीच वर्षं झाली. हल्ली मला भिंतीवर टांगतात, वरून दिवे सोडतात आणि लोक हात मागे बांधून माझ्यासमोर उभे राहतात. शेजारी ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. ज्याचा जन्म खेचाखेचीत गेला त्याला हात लावायची बंदी, ही गंमत मला अजून पचलेली नाही. पण तुम्ही लहान आहात, तुम्ही पाटी न वाचताच हात लावाल, म्हणून माझी गोष्ट तुम्हालाच सांगतो आहे असं समजा.

माझा जन्म मुंबईच्या किनाऱ्यावरल्या मढचा, तिथल्या कोळीवाड्यातल्या एका ओट्यावरचा. धर्मा नावाच्या कोळ्याने मला हाताने विणलं. मी काही होडीवरचं भलंमोठं जाळं नव्हे. मी हाताने फेकायचं गोल जाळं, कोळी मला पाग म्हणतात. मला मधून विणायला सुरुवात करतात आणि गोल गोल वाढवत कडेपर्यंत नेतात. कडेला शिशाचे मणी ओवतात, म्हणजे पाण्यात पडलं की मी झपकन खाली बसतो. आता एक शब्द लक्षात ठेवा. चार गाठींच्या मधली जी मोकळी जागा असते ना, जिच्यातून पाणी जातं आणि मासा जात नाही, तिला कोळी ‘आस’ म्हणतात. तो आस. माझी सगळी कहाणी या एका शब्दात अडकली आहे.

धर्मा विणायला बसला की त्याला भूक लागत नसे. पण त्याची एक खोड होती, त्याच्या बापाचीही होती म्हणे. कडेला पोचला की तो शेवटचा आस बांधायचाच नाही. अर्धी गाठ मारायचा, दोरा दाताने तोडायचा आणि टोक तसंच लोंबत सोडायचा. त्याची बायको मथुरा शेजारी मुद्दाम कात्री आणून ठेवायची.

“दात जातील ना तुजे,” ती म्हणायची.

“जाऊं दे. आनि तो आस बांदू नको हां. जालं पुरं केलं असं म्हनू नये. एक आस ठेवायचा.”

धर्माच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता. त्यामुळे नायलॉनचा दोरा त्याने तोडला की टोक चपटं व्हायचं आणि त्यावर एक बारीक खाच पडायची. माझ्या कडेला ती खाच आहे. धर्माच्या जाळ्यांशिवाय दुसऱ्या कुठल्याही जाळ्याला नाही, हे मी जरा अभिमानाने सांगतो, माफ करा.

माझी कामाची वर्षं झकास गेली. ओहोटीला धर्मा मला खांद्यावर टाकून खाडीत उतरायचा. माझी एक बाजू दातात, एक बाजू कोपरावर, आणि मग कमरेतून असा एक हेलकावा द्यायचा की मी हवेत पुरता उघडायचो. त्या क्षणी मला आकाश दिसायचं, तेही तुकड्या-तुकड्यांनी, माझ्याच आसांतून. मग पाणी, मग बोय माशांची फडफड. संध्याकाळी मथुरा मला गोड्या पाण्याने धुवायची आणि वाळत घालताना धर्माला टोमणे मारायची, की माझ्यापेक्षा जाळ्याचीच काळजी जास्त. ते खरंच होतं, पण मी गप्प राहायचो.

मग धर्माला ताप आला. औषधं झाली, इस्पितळ झालं, आणि एका सकाळी त्याच्याशिवायच सगळे घरी परत आले. मथुराने होडीतला वाटा दिराला दिला, बाकीची जाळी वाटून टाकली. मला मात्र तिने माडीवरच्या खोलीत खुंटीला टांगलं. तिथे मी वर्षानुवर्षं लोंबत राहिलो. पालीने माझ्यात अंडी घातली. मथुराची मुलगी कल्पिता कॉलेजला जायला लागल्यावर तिने माझ्यावर ओढण्या टाकायला सुरुवात केली. मला खारं पाणी हवं होतं आणि मिळत होता साबणाचा वास. रोज भरतीची वेळ झाली की माझे मणी उगाच जड वाटायचे. धर्माची आठवण यायची, आणि आठवण आली तर जाळ्याला रडतासुद्धा येत नाही.

कधी कधी मथुरा वर यायची. दिवा न लावता माझी कड चाचपत जायची, ते चपटं टोक सापडलं की थांबायची, आणि मग खाली जायची.

अशात रेहेमा आली.

रेहेमा चित्रकार. जन्म आफ्रिकेचा, टांझानियातल्या बागामोयो नावाच्या किनाऱ्यावरच्या गावातला. चित्रकला शिकायला ती मुंबईत आली आणि शिक्षण संपल्यावर इथेच राहिली. राहिली म्हणजे काय, राहायला जागा शोधत हिंडली. फोनवर खोली रिकामी असायची आणि तिला पाहिलं की आत्ताच गेलेली असायची. अंधेरीत असं झालं, वाकोल्यात झालं, बोरिवलीत तर जिन्यातूनच परत पाठवलं. मथुरा मालाडच्या बाजारात मासे विकायची, एक दिवस रेहेमा तिच्या टोपलीसमोर येऊन बसली. मासा उचलला, कल्ला उघडून आत पाहिलं, पोट दाबलं आणि खाली ठेवून दुसरा उचलला. मथुरा बघतच राहिली.

“मासली वलखतंस गो तू?”

“माझा बाप मासे पकडते,” रेहेमा म्हणाली. तिला मराठी येत होती, पण आपल्या भाषेतली लिंगं काही तिच्या हाती लागत नव्हती. तिचा आई, तिची बाप, मोठी घर आणि लहानशी पाऊस.

“नाव काय तुजं?”

“रेहेमा.”

“प्रेमा? बरं नाव हाय.”

तेवढ्या ओळखीवर माडीची खोली तिला मिळाली. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली, पण मथुराच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. आणि रेहेमाने नावाची चूक कधीच दुरुस्त केली नाही. मढमध्ये ती प्रेमाच झाली.

खोलीबरोबर तिला मीही मिळालो, खुंटीवरचा. मी तिचं काम पाहू लागलो. ती नुसत्या रंगांनी चित्रं काढत नसे. साकीनाक्याला दत्ताराम नावाच्या माणसाचा पत्रा कापायचा गाळा होता. त्याचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मुलाने गाळा काढलेला. तिथून ती भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणायची. शिंप्यांकडून चिंध्या, किनाऱ्यावरून शिंपल्या, बाजारातून माशांचे खवले. हे सगळं ती फळीवर मांडायची, शिवायची, चिकटवायची, त्यावर मेण ओतायची. दत्ताराम एकदा सामान पोचवायला आला तेव्हा डोकं खाजवत म्हणाला, “बाई, आमी ह्यां भंगारात घालतंव. तुमी ह्याचा देवघर करतास.”

पण चित्रांच्या जगात तिचं काही जमेना. कलादालनवाले चहा पाजायचे, कौतुक करायचे आणि शेवटी म्हणायचे, यात थोडं आफ्रिकेचं काहीतरी दाखवा ना. मुखवटे, ढोल, सिंह वगैरे. ती घरी येऊन मथुराला सांगायची की तिच्या गावात सिंह नाही, मांजर आहे, आणि मांजर मासे चोरते. मथुरा म्हणायची, मग मांजर काढ. दोघी हसायच्या. पण नंतर माडीवर आल्यावर रेहेमा हसत नसे. इथल्यांना ती तिथली वाटायची, आणि गावाहून फोन आला की आई म्हणायची, तू आता तिकडचीच झालीस. भिंतीला टेकून ती कितीतरी वेळ समुद्राच्या दिशेने बघत राहायची. तो एकच समुद्र, त्याच्या त्या काठाला तिचं घर. मला तिची दया यायची. खरं सांगायचं तर दया नव्हे, मला ती माझीच वाटायची.

मग तिचे वडील वारले. फोन आला तेव्हा ती चूल पेटवत होती. व्हिसाची कागदपत्रं मुदत संपून अडकली होती, जाता येईना. गावाकडे सगळं उरकलं आणि ती इथे बसून राहिली. रडली नाही, जेवली नाही. तिसऱ्या प्रहरी उठली, मला खुंटीवरून काढलं, मांडीवर घेतलं आणि माझ्या गाठी एक एक करून बोटांनी मोजल्यासारख्या दाबत गेली. कडेला आली आणि थांबली.

दारात मथुरा आणि कल्पिता उभ्या होत्या, जेवणाचं ताट घेऊन.

“मावशी,” रेहेमा म्हणाली, “ही आस उघडी का?”

कल्पिताला हसू फुटलं. “अगं प्रेमाताई, ही आस नाही, हा आस म्हण. जाळ्याचा तो आस. ती आस म्हणजे वेगळंच काहीतरी.”

“वेगळं काय?”

कल्पिता अडखळली. रोजचे शब्द समजावणं कठीण असतं. “म्हणजे कसं सांगू यार… एखाद्या गोष्टीची वाट बघणं. ती येणार नाही असं माहीत असूनसुद्धा हवी वाटणं. ती आस.”

रेहेमाने माझं ते चपटं टोक बोटांत धरलं होतं. आणि तेव्हा ती रडली, इतकी की मी भिजलो. कितीतरी वर्षांनी मला खारं पाणी लागलं.

मथुरा खाली बसली. कल्पिताला म्हणाली, “चुकली नाय ती. मना पन ती ‘ती’च वाटतंय.”

त्या दिवसापासून त्या घरात माझा शेवटचा आस स्त्रीलिंगी झाला.

मथुराने मला तिला देऊन टाकलं. देऊन टाकलं म्हणजे पुरतं नाही. “तुज्या कामात लाव,” ती म्हणाली. “पन मी मागीन तवा आनून दे. आनि ती एक आस बांदू नको. त्याचा दात हाय तिला.” रेहेमाने मान डोलावली. मी साक्षीला होतोच.

पुढे कितीतरी दिवस ती माझ्यावर काम करत होती. माझ्या आसांत तिने दत्तारामच्या पट्ट्यांचे तुकडे बसवले, खवले बसवले, आईच्या जुन्या खांग्याच्या चिंध्या बसवल्या. खांगा म्हणजे तिकडच्या बायकांचं रंगीत वस्त्र, त्याच्या काठावर एक वाक्य छापलेलं असतं. तिने ते वाक्य फाडून माझ्यात असं पसरलं की कुणाला ते सलग वाचता येऊ नये. कडेची ती एक आस मोकळी ठेवली. चित्राचं नाव ठेवलं ‘आस’.

आणि मग लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. फोर्टातल्या दालनात मी लागलो, दिल्लीला गेलो, कोचीला गेलो. वर्तमानपत्रांत रेहेमाचे फोटो आले. सिंह मागणारे लोक आता पुढच्या रांगेत उभे राहून मान हलवू लागले. एका हॉटेलला मी कायमचा हवा होतो. रेहेमा नको म्हणाली, हे माझं एकटीचं नाही. त्यावर कुणीतरी म्हणालं, असा हेका धरलात तर पुढे कठीण जाईल. थोडं कठीण गेलंही, पण ती काम करत राहिली. जाळी, गोणपाट, पत्रे, खवले. तिचं नाव झालं.

मित्रांनो, मी तिच्या देशापर्यंतही जाऊन आलो. तिच्या गावाजवळच्या दार-एस-सलाम शहरात प्रदर्शन होतं. तिची आई काठी टेकत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिने पाटी वाचली नाही. सरळ हात घातला आणि खांग्याची चिंधी ओळखली. माय-लेकी काय बोलल्या ते मला कळलं नाही, भाषा वेगळी. पण खिडकीतून वारा आला, त्याला तोच वास होता. मला वाटलं, रेहेमा आता इथेच राहील. ती परतीच्या विमानात बसली तेव्हा तिचा चेहरा पाहून मला समजलं, की तिला आता कुठेही गेलं तरी दुसरीकडची आठवण येणार.

मुंबईत आल्यावर मला अंधेरीच्या एका गोदामात ठेवलं. तिथे चित्रं सांभाळतात. सांभाळणारा माणूस म्हणजे चंद्रप्रकाश, अतिशय सज्जन. तो चित्रांना पांढरे हातमोजे घालून उचलायचा आणि धूळ दिसली तर त्याचा जीव खालीवर व्हायचा. त्याने मला उलगडलं, दिव्याखाली धरलं, आणि कडेला ती उघडी आस पाहून तो कळवळला. प्रवासात तुटलं बिचारं, तो स्वतःशी म्हणाला. मग माझ्याच रंगाचा दोरा शोधून आणला आणि इतक्या मायेने, इतक्या नेटकेपणाने ती बांधली की शोधूनही सापडू नये. शेवटी कात्रीचा कच्चकन आवाज आला.

काय कापलं, ते मला दिसलं नाही. स्वतःची कड कुणाला दिसते? नवा दोरा कापला की धर्माचं टोक?  आयुष्यात कधी नव्हे ते मला तोंड असावं असं वाटलं. पण जाळ्याला नुसती भोकं असतात, तोंड नसतं. गुंडाळून फडताळात ठेवल्यावर मी तोच विचार करत पडून राहिलो.

आणि नेमका तेव्हाच मथुराचा निरोप आला. तिची दृष्टी जात चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता फारसं उरणार नाही. तिने कल्पिताकरवी फोन केला, एवढंच बोलली, “प्रेमा, आता मागतंय.”

रेहेमाने दुसऱ्या दिवशी टेम्पो केला. मला काळजीपूर्वक न्यायला चंद्रप्रकाशही बरोबर आला. मढची हवा लागली आणि माझे मणी हलले, पण मला आनंद होईना. ओट्यावर मला पसरलं, त्याच ओट्यावर. मथुरा खाली बसली. ती फार बारीक झाली होती. डोळे माझ्याकडे होते पण बघत भलतीकडेच होते. तिने हात पुढे केले आणि कड धरून चाचपत निघाली. मणी, मणी, मणी. एक फेरा पुरा झाला. तिला सापडलं नाही. तिने पुन्हा सुरुवात केली.

“मावशी, इकडे,” रेहेमा म्हणाली आणि जागा दाखवायला वाकली. वाकली आणि तशीच राहिली. तिचा चेहरा मी पाहिला. मला तो पुन्हा पाहायचा नाही.

मथुराची बोटं त्या जागी आली. थांबली. “ही कोनी बांदली?”

  चंद्रप्रकाश पुढे आला. हातमोजे काढून खिशात घातले. “मी बांधली, आजी. मला वाटलं तुटलीय. मला कोणी बोललं असतं ना… मी विचारायला पाहिजे होतं.”

मथुरा गाठीवरून अंगठा फिरवत होती. “गाठ बरी हाय तुजी,” ती म्हणाली. “कल्पिता, सुई आन.”

कल्पिताने जाळं विणायची लाकडी सुई आणली. मथुराने तिच्या टोकाने गाठ सैल करायला घेतली. नायलॉनची घट्ट गाठ, आणि म्हातारी बोटं. रेहेमा मदतीला सरकली तर मथुराने तिचा हात बाजूला केला. चहा आला, निवून गेला. गल्लीतल्या बायका येऊन उभ्या राहिल्या. माझा जीव त्या एका गाठीत होता. नवा दोरा पहिल्या वळणातून सुटला, मग दुसऱ्या, आणि मग सरसर निघून तिच्या मांडीवर पडला.

आतून काहीतरी हळूच सरळ झालं. वाकवून दडपलेलं एक टोक. चपटं.

मथुराने ते चिमटीत धरलं, बोटाने खाच शोधली. मग तिने ते टोक तोंडाजवळ नेलं आणि स्वतःच्या पुढच्या दातांत धरलं, नेमकं त्या खाचेवर. डोळे मिटले.  रेहेमा तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती, आणि दोघींच्यामध्ये मी होतो.

मग मथुराने टोक सोडलं, पदराने पुसलं. “हाय,” ती म्हणाली. “आता ने.”

“तुमच्याकडे राहू दे, मावशी. तुमची आहे.”

“माजी हाय म्हनून तर सांगतंय. खुंटीला लावून काय करू? तिला फिरव. तुज्या आईकडे पन ने परत.”

मित्रांनो, म्हणून आज मी पुन्हा भिंतीवर आहे. माझ्याकडे पाहून तुम्हाला कडेला एक भोक दिसेल आणि लगेच वाटेल, अरेरे, फाटलं. तुमचं मन चांगलं आहे म्हणूनच तसं वाटेल. पण जुन्या वस्तूची काळजी घ्यायची असेल, किंवा जुन्या माणसाची, तर आधी विचारा. हे तुटलंय, की कुणी ठेवलंय? विचारल्यावर मग बांधा. आणि विचारायला कुणीच उरलेलं नसेल, तर तसंच राहू द्या.

चंद्रप्रकाशने आता माझ्या शेजारची ती पाटी बदलली आहे. त्यावर लिहिलंय, ‘ही आस उघडीच आहे.’ रेहेमाने ते वाचलं आणि मराठीत त्याला म्हणाली, “बरोबर लिहिला.”